काका, साक्ष उलटली!

पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्यावरून महाराष्ट्रात वाद पेटला, तेव्हा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांनी लक्झेंबर्गात राहणाऱ्या मला परस्पर साक्षीदार करून टाकलं. "विचारा हिला, लक्झेंबर्गात पोरं चार-चार भाषा शिकतात. आपल्यालाच तिसरी जड होते!" सरकारने 2025च्या जूनअखेर निर्णय मागे घेतला, साक्ष मात्र राहूनच गेली.

तर देश आहे एवढासा. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियमच्या बेचक्यात 2,586 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही लहान. समुद्र नाही, तरी 1990पासून स्वतःची जहाजनोंदणी आहे (माणसं हिशेबाला पक्की). बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग 2020च्या मार्चपासून फुकट, पाहुण्यांनाही. राजधानीत बोकच्या कड्यातली भुयारं बघा. मोझेलकाठच्या शेंगेन गावीही जा. ज्या व्हिसासाठी आपण एवढे कागद जमवतो, त्याचा मूळ करार 1985 साली तिथे नदीतल्या बोटीवर झाला. जत्रेत बटाट्याच्या किसाचं तळलेलं थालीपीठ मिळतं. उपासाला चालणार नाही, आत कांदा आणि अंडं असतं.

आता भाषा. शेजारच्या आजी मला दिवसभरात कधीही भेटल्या तरी "मोयेन" म्हणतात, म्हणजे लक्झेंबर्गिशमधला नमस्कार. त्याच आजी बेकरीत मात्र फ्रेंच बोलतात, कारण पाव देणारी मुलगी रोज फ्रान्समधून येते. शेजारी देशांतून अशी दोन लाखांवर माणसं इथे कामाला येतात. आजींना ऐकलं की भाजीवाल्याशी आपणहून हिंदी सुरू करणारी माझी आई आठवते. लक्झेंबर्गिश कायद्याने राष्ट्रभाषा झाली तीच मुळी 1984 साली, आणि कायदे अजून फ्रेंचमध्येच लिहितात. तिला पहिली अधिकृत भाषा करा, या 2016च्या मागणीवर 14,000हून जास्त सह्या पडल्या होत्या. धुसफूस इथेही आहेच.

शाळेचं म्हणाल, तर बालवर्गात लक्झेंबर्गिश आणि सहाव्या वर्षी अक्षरओळख जर्मनमधून. घरी लक्झेंबर्गिश बोलणाऱ्या पोराला जर्मन मावशीसारखी. पण परदेशी लोकांत इथे सगळ्यात जास्त पोर्तुगीज, आणि त्यांची मुलं नेमकी जर्मनपाशी अडतात. म्हणून काही शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळखीचा प्रयोग सुरू झाला. चार भाषा येतात हे खरं, पण पहिली पायरी परकी असेल तर किती मुलं मागे राहतात, हे या श्रीमंत देशालाही उशिरा उमगलं. काकांच्या बाजूने नाही, उलट त्यांच्या विरुद्धच हा दाखला जातो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि म्हणाले, "त्या फुकट ट्रामचा व्हिडिओ टाक."