शेण कुणाच्या खात्यात?

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप गटावर पाण्याचा अहवाल आला. ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी पिण्यास अयोग्य. तासाभरात गुन्हेगारही ठरले. कुणी वरच्या वस्तीचं नाव घेतलं, कुणी ऊसतोडीला आलेल्या टोळीचं. "ते अजून बाहेरच बसतात," एवढ्यावर निकाल लागला. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग 2018 साली हागणदारीमुक्त जाहीर झाला. म्हणजे कागदोपत्री गावकरी निर्दोष. उरले ते, ज्यांचं नाव गावाच्या यादीतच नाही.

मी न्यूझीलंडमध्ये बसून हे वाचत होतो. ओढ्यांवरून इथेही भांडणं होतात, फक्त पक्ष वेगळे. शहरवाले गाईवाल्यांकडे बोट दाखवतात, गाईवाले बदकांकडे.

खरं तर अहवालातल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूवरून कुणालाच दोषी धरता येत नाही. माणूस, म्हैस, मेंढी, बदक, सगळ्यांच्या आतड्यात तो असतो. विष्ठा पाण्यात आली, एवढंच तो सांगतो. कुणाची, हे कळायला इथल्या प्रयोगशाळा पाण्यातला डीएनए तपासतात. बॅक्टेरॉइड्सच्या जातकुळीतले काही जंतू माणसाच्या आतड्यात सापडतात, काही रवंथ करणाऱ्या जनावरांच्या. कपड्यांच्या पावडरीतलं पांढरेपणा आणणारं रसायन पाण्यात मिळालं, तर कुणाची तरी सेप्टिक टाकी गळतेय असा संशय घेतात. बदकं कपडे धूत नाहीत.

पण मला पटलेला पुरावा प्रयोगशाळेपेक्षा साधा आहे. इथल्या शेरी नदीत 246 गाईंचा कळप पात्र ओलांडताना संशोधकांनी पाणी मोजलं. ई. कोलाय 100 मिलिलिटरमागे 50,000 पर्यंत चढला. वाटेवर चालताना गाई जेवढं शेण टाकतात, त्याच्या सुमारे 50 पट त्या दर मीटरमागे पाण्यात टाकत होत्या. हे 2004 साली प्रसिद्ध झालं. शेतकऱ्यांना वाईट म्हणून काही साधलं नसतं. पूल बांधावे लागले, आणि ते बांधले गेले.

आता गावाकडचं, जरा अडचणीचं. आपल्या चर्चेत शेण हे घाणीत मोडतच नाही. ते खत आहे, इंधन आहे, अंगणात सारवायचं आहे. म्हणून म्हशी ओढ्यात डुंबतात तिथे कुणाची भुवई उंचावत नाही. इथे 2016 च्या ऑगस्टमध्ये हॅवलॉक नॉर्थ या गावाच्या बोअरच्या पाण्यात जोराच्या पावसानंतर कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाब घडवणारा जंतू शिरला. चौदा हजारांच्या वस्तीत सुमारे 5,500 लोक आजारी पडले, चार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. चौकशीत बोट गेलं शेजारच्या कुरणातल्या मेंढ्यांकडे. या मेंढ्या काही उघड्यावर बसणाऱ्या परप्रांतीय नव्हत्या.

भारतातही ओडिशाच्या खेड्यांत असा माग काढला गेला, 2015 च्या सुमारास. माणसाच्या खुणा होत्याच, पण जनावरांच्या खुणा जास्त ठिकाणी मिळाल्या. यावरून शौचालयं फुकट गेली असं मी म्हणत नाही. माणसाच्या विष्ठेतून येणारे काही रोग गुरांच्या शेणातून येत नाहीत. पण संडास बांधून त्याचं पाणी नळीने ओढ्यात सोडणारा घरमालक आणि टोळीतली बाई यांत ओढ्याला फरक कळत नाही. आपल्याला तेवढा कळतो, आणि नको तिथे कळतो.

डीएनए चाचण्या गावात आणा, असंही माझं म्हणणं नाही. त्या महाग आहेत, आणि गुरं-माणसं एका छपराखाली राहतात तिथे आधी स्थानिक शेणावर तपासून घ्याव्या लागतात. शिवाय इथे मी पाहिलंय की "स्रोत अजून नक्की नाही" हे वाक्य वर्षानुवर्षं काम टाळायला वापरता येतं. आपल्याकडे गावचं पाणी तपासणीला पाठवणारा जलसुरक्षक आहे, पाणी किती धोक्याचं ते सांगणारी लाल-पिवळी-हिरवी कार्डं आहेत. पावसानंतर दुसऱ्या दिवशी उगमापासून विहिरीपर्यंत ओढ्याकाठाने चालायला त्याला दुपार पुरते. गुरं कुठे उतरतात, उकिरडा कुणाचा धुऊन जातो, नळी कुठून येते, हे डोळ्यांनी दिसतं.

गटावर मी एवढंच लिहिलं: गुरं पाण्यात कुठे उतरतात, कुणी सांगेल का? बराच वेळ शांतता. मग चुलत्यांनी म्हशींचा फोटो टाकला, पाण्यात गळ्यापर्यंत बसलेल्या. खाली लिहिलं होतं, "हे घे, आरोपी हजर. जामीन कोण देतं?"