तोटीचं वय

लातुरात नळाला पाणी येतं तो दिवस म्हणजे छोटा सणच. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालेलं हे शहर. पाणी सुटलं की इथं माणूस आधी बादली शोधतो, मग चप्पल. परवा टाकी भरून वाहायला लागली म्हणून तोटी बंद करायला गेलो, तर मूठ कटकन हातात आली. तोटी भिंतीत, मूठ माझ्याकडं आणि पाणी शेजाऱ्याच्या गोठ्यात.

दुकानदारानं आधी मूठ पाहिली, मग मला पाहिलं.

"लई जोर लावलाव तुमी."

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला मी बायकोला हाक मारतो. माझ्या ताकदीवर आयुष्यात झालेला हा पहिला आरोप. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं. मग राग आला.

"पितळी म्हणून दिली होती ना?"

"पितळीच हाय."

मी हुशारीनं घरून आणलेलं लोहचुंबक काढलं. चिकटेना.

"बगा! लोखंड न्हाई. मंजे पितळच."

तेवढ्यात पाइपांच्या गठ्ठ्यावर बसलेले एक आजोबा खोकल्यासारखं हसले. "चुंबक जस्तालाबी चिकटत न्हाई, सर."

आजोबा फाउंड्रीतून रिटायर झालेले. दुकानात त्यांना काही घ्यायचं नव्हतं. पंखा चांगला होता म्हणून बसले होते. त्यांनी मूठ हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाडी बघावी तशी दोन बोटांत धरली.

"किती वर्साची?"

"तीन."

"गेली बिचारी." जवान मरणाला उसासा टाकतात तसा टाकून ते म्हणाले, "मोडल्याली जागा बगा. पितळ आसतं तर पिवळं दिसलं आसतं, मोडायच्या आदी वाकलं आसतं. हे करडं, रवाळ. जस्ताचं ओतीव हाय. साच्यात रस गेला की पापणी लवायच्या आत गोठतो. आतल्या कणाला नीट बसायला सवड कुटं? एस्टीवाणी. आदी कसंबी कोंबून घ्यायचं, गाडी हालली की मग सरकत सरकत जागा करायची. हे वर्सानुवर्स सरकत बसतंय. त्यात शिसं मिसळल्यालं आसलं की दमट हवेत दान्यादान्याच्या फटीत कीड. वरून आरसा, आतून भुगा."

"ग्यारंटी पाच वर्षांची होती," मी दुकानदाराला म्हटलं.

"ती पॉलिशची. पॉलिशला काय झालंय?"

पॉलिशला काहीच झालं नव्हतं. त्यात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं.

रात्री चिडून वाचत बसलो. 1906 साली आल्फ्रेड विल्म नावाच्या जर्मन माणसाचा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू तापवून, पाण्यात विझवून नुसता ठेवला, तर दिवसागणिक आणखी कडक होत गेला. काहींना वय मानवतं. जस्ताची कीड शिशासारख्या भेसळीमुळं लागते हे 1920 च्या दशकातच कळलं होतं. 1929 साली न्यू जर्सी झिंक कंपनीनं 99.99 टक्के शुद्ध जस्त वापरून झमॅक नावाचा, कीड न लागणारा जस्ताचा मिश्रधातू काढला. म्हणजे औषध सापडून शंभर वर्षं होत आली, आणि माझ्या न्हाणीघरात रोगी मेला. बिलावर 'पितळी' लिहून. याला वय म्हणत नाहीत, याला फसवणूक म्हणतात. आणि आठवड्याचं पाणी वाहून गेलं ते कुठल्या ग्यारंटीत बसतं?

शेवटी आजोबांनी तळहातावर तोलून जड ती निवडून दिलेली तोटी घेतली. खरी पितळी, 640 रुपये. प्लंबरनं पान्यानं "आनखी एक आटा" म्हणत करकचून आवळली. मी मात्र तोवर पुढचं पान वाचून बसलो होतो: ताणाखाली असलेलं पितळ अमोनियानं तडकतं, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली अशीच चिरफळली होती.

भिंतीपलीकडं शेजाऱ्याची म्हैस मुतत होती.