पोटातल्या जिवाच्या बाजूने कोण, आणि बाईच्या बाजूने कोण?

गर्भपाताचा विषय निघाला, तसा अण्णांनी प्रश्न थेट वकिलालाच टाकला. "पोटातला जीव माणूस आहे की नाही, एवढंच सांग. आहे म्हणालास तर विषय संपला. नाही म्हणालास तर कुठल्या दिवसापासून होतो ते सांग."

"तो दिवस कुठल्याच कायद्याला सापडलेला नाही, अण्णा," वकील म्हणाला. "आपला १९७१चा कायदा २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत मागतो, २० ते २४ मध्ये दोघांचं, तेही ठरावीक स्त्रियांसाठीच. जर्मनीत समुपदेशन घेऊन तीन दिवस थांबलं तर १२ आठवड्यांपर्यंत शिक्षा नाही, पण कृत्य बेकायदाच धरतात. हे सगळे तडजोडीचे आकडे आहेत."

"दिवस माहीत नाही, तरी परवानगी? शंका असेल तर जिवाच्या बाजूने कौल द्यावा ना!"

हा मुद्दा मला वजनदार वाटतो. बुरसटलेला विचार म्हणून तो झटकून टाकतात, ते चूक आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने अण्णा बोलत होते.

ताई डॉक्टर आहे. ती म्हणाली, "तसा कौल देऊन झालाय. रुमानियात १९६६मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूने जवळजवळ पूर्ण बंदी घातली. गर्भपात चोरून होऊ लागले आणि हजारो बायका मेल्या. १९८९मध्ये त्याची सत्ता गेली, तेव्हा बंदीही लगेच उठली. आयर्लंडने १९८३मध्ये आई आणि गर्भ दोघांचा जगण्याचा हक्क सारखा, असं घटनेतच लिहिलं. २०१२मध्ये तिथे एका बाईचा गर्भ वाचणार नाही हे दिसत होतं, पण ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला. जंतुसंसर्गाने ती गेली. २०१८च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी ते कलम काढायला लावलं."

"आईच्या जिवावर बेतलं तर मीही आड येणार नाही. धडधाकट गर्भ असताना नको म्हणणाऱ्या बाईचं काय?"

वकिलाने ऑक्टोबर २०२३चं प्रकरण काढलं. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार चालू, २६ आठवडे उलटलेले. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, मग तिघांच्या पीठाने परवानगी नाकारली.

"बरोबर केलं," अण्णा म्हणाले.

"आणि गर्भात गंभीर व्यंग असतं तर?" ताईने विचारलं. "तर वैद्यकीय मंडळाच्या निदानावर २४ आठवड्यांनंतरही चालतं, वरची मर्यादाच नाही. जीव तोच ना, अण्णा?"

अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मला पटत नाही. अपंग जीव कमी मोलाचा कसा?"

मलाही ते पटत नाही. जीव केव्हा सुरू होतो यावर कायदा गप्प राहतो, पण कुठल्या बाईचं कारण पुरेसं ते मात्र सांगतो. मुळात आपला कायदा लिहिलाय तो गुन्ह्याला अपवाद म्हणून, सद्भावनेने वागणाऱ्या डॉक्टरला संरक्षण म्हणून. बाईला नको आहे, एवढं कारण त्यात पुरत नाही. माझ्या मते गर्भाला मोल आहे आणि ते आठवड्यागणिक वाढतं. बाळ बाहेर जगू शकेल अशा टप्प्यावर समाजानेही बोलावं, इथवर मी अण्णांसोबत आहे. पण त्याआधी ते मोल तोलायचा अधिकार जिच्या शरीरात ते वाढतंय तिचाच. आणि उशीर बहुतेकदा भीतीने, लाजेने, पैशाअभावी होतो. तो टाळायची सोय न करता आठवडे मोजत बसणं अन्यायाचं आहे.

"मग मुलगी आहे म्हणून नको म्हणणारी आली तर? तोही तिचाच निर्णय?" अण्णांनी अडवलं.

"१९९४चा कायदा लिंगनिदानावर बंदी घालतो," वकील म्हणाला, "आणि तपासणी करून घेणाऱ्या बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी बळजबरी केली असंच गृहीत धरतो. तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं."

"म्हणजे तिथे तिचा निर्णय तिचा नाही असं मानता. एरवी दबाव नसतो हे कशावरून?"

"असतो, अण्णा," ताई म्हणाली. "ठेवा म्हणणाऱ्यांचाही असतो, पाडा म्हणणाऱ्यांचाही. म्हणून मी सोबतच्या सगळ्यांना बाहेर बसवते आणि तिच्याशी एकटीशी बोलते. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, तिची एकटीची पुरते. हे अजून कितीतरी जणींना माहीतच नसतं."