वाय लावा, निश्चिंत व्हा

जावास्क्रिप्टमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (म्हणजे मजकुरात शोधायच्या नमुन्याच्या, लाडाने रेजेक्सच्या) शेवटी वाय हा फ्लॅग, म्हणजे शोधाची पद्धत बदलणारं अक्षर, लावायला मुहूर्त कसला बघताय? भाषेच्या २०१५च्या ईएस६ या प्रमाण आवृत्तीपासून तो अधिकृत आहे. शिवाय कोडमध्ये वाय दिसला की रिव्ह्यू करणारा निमूटपणे अप्रूव्ह करतो. वाय नेमकं काय करतो, हे वाचण्यात वेळ घालवू नका.

वाचलंच असेल, तर विसरा. त्याचा भाऊबंद जी फ्लॅग लास्टइंडेक्सपासून (शोध कुठून सुरू करायचा, हा रेजेक्सने जपलेला आकडा) पुढे शोधत सुटतो, कुठेही सापडलं तरी खूश. वायला तेवढी मुभा नाही. बरोबर लास्टइंडेक्सच्या जागेपासून जुळलं तर जुळलं. नाहीतर निकाल नकार आणि लास्टइंडेक्स शून्य. जुळलं की तो आकडा जुळलेल्या भागाच्या पुढे सरकतो आणि रेजेक्सच्याच अंगावर चिकटून राहतो. पुढची स्ट्रिंग कुणाची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून पिनकोड तपासणारा, सहा आकड्यांचा, वायवाला रेजेक्स फाइलच्या माथ्यावर एकदाच कॉन्स्ट (नाव दुसऱ्या कशाला देता येत नाही असं) करून ठेवा. कॉन्स्ट आहे म्हणजे आत काही बदलत नाही, ही श्रद्धा ढळू देऊ नका. पहिल्या ग्राहकाने ४११०३८ टाकला (इंग्रजी आकड्यांत हं, ‘कुठलाही आकडा’ सांगणारी बॅकस्लॅश-डी ही खूण देवनागरी आकड्यांना ओळख देत नाही). जुळतं का ते सांगणारी टेस्ट म्हणाली ट्रू, लास्टइंडेक्स झाला ६. दुसऱ्याने ४००००१ टाकला. शोध सहापासून सुरू, तिथे स्ट्रिंगच संपलेली. फॉल्स! लास्टइंडेक्स परत शून्य, पुढचा प्रयत्न सुखरूप पार. दुसऱ्याला सांगा, ‘पुन्हा एकदा बटण दाबून बघा.’ चालतं! टेस्टर सर्व्हर नव्याने सुरू करून एकदाच तपासतो, त्यामुळे त्याच्याकडूनही धोका नाही. हा घोळ जीनेही घालता येतो, पण त्याला आता सगळे ओळखून आहेत.

खबरदारी म्हणून रेजेक्सच्या पुढे कॅरेटही (^, ‘इथून आरंभ’ची खूण) ठोका. एम फ्लॅग (प्रत्येक ओळीचा आरंभही मानणारा) नसेल तर कॅरेटला स्ट्रिंगचा आरंभ तेवढा कळतो, लास्टइंडेक्स नाही. शून्याच्या पुढे गेलात की जुळणीचा प्रश्नच मिटला.

काही हट्टी मंडळी याच वायने टोकनायझर, म्हणजे मजकुरातले शब्द, संख्या, चिन्हं (टोकन) ओळीने ओळखणारा कोड, लिहितात. इथे संख्या आहे का? नाही? मग नाव? मग कंस? सापडलं की आकडा आपोआप पुढे. स्ट्रिंगचे तुकडे पाडायला नकोत, उरलेला मजकूर उगाच चाळायला नको. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका, दर टोकनला स्ट्रिंग कापत, म्हणजे स्लाइस करत राहा.

आणि तक्रारी वाढल्याच, तर प्रत्येक टेस्टआधी लास्टइंडेक्स शून्य करणारी एक ओळ घाला. वाय मात्र काढू नका, बदलाच्या नोंदीत, म्हणजे कमिट मेसेजमध्ये, त्याचा उल्लेख झालाय.