'क्विक-रिलीज लॉक म्हणजे शुद्ध फसवणूक' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

माझी मावसबहीण अमेरिकेत असते, भाऊजींनी मध्यंतरी हँडगन घेतली, घरात चार वर्षांचा मुलगा. आम्ही कोणी काही बोललो नाही, तिकडे ते कायदेशीर आहे, घर त्यांचं, निर्णय त्यांचा. पण परवा ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "तू लॉकचंच काम करतोस ना, बघ रे हे, हे म्हणतायत बॉक्सबिक्स काही घ्यायला नको." बॉक्स म्हणजे क्विक-रिलीज लॉकची पेटी, गन आत कुलपात राहते पण कोड किंवा बोट लावलं की झटकन उघडते. मी लॅच आणि कुलपं डिझाइन करतो, कपाटांची, मशीनच्या दारांची. गनची नाही करत, पण आत बोल्ट, स्प्रिंग आणि सोलेनॉइड (वीज लागली की दांडा ओढणारी गुंडाळी) तेच असतात. वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण हा मेसेज म्हणे तिच्या तीन ग्रुपवर फिरतोय आणि खाली अंगठ्यांची रांग लागलीये.

फॉरवर्डमध्ये पाच मुद्दे आहेत. एक, लॉक उघडेपर्यंत चोर तुमच्या छातीवर. दोन, गन उंचावर लपवून ठेवली आणि मुलांना नीट शिकवलं की पुरे. तीन, लहान मुलाच्या बोटात ट्रिगर दाबायची ताकदच नसते. चार, सगळी लॉक कोणीही उघडतं, सोबत चुंबकाने उघडल्याचा एक व्हिडिओ. पाच, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच लॉक घटनाबाह्य ठरवलंय. शेवटी "प्रत्येक सुजाण पालकापर्यंत पोचवा". पोचवलं, आता उत्तरही पोचवा.

आधी तिसरा मुद्दा घेतो कारण तो वाचून मी दोनदा मागे जाऊन बघितलं की खरंच असं लिहिलंय का. लहान मुलाच्या बोटात ताकद नसते! अहो, ही गोष्ट मोजून झालीये, १९९५ सालीच. मुलांना दोन्ही हातांची बोटं लावून ट्रिगर ओढायला लावला आणि जोर मोजला. तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के मुलांनी १० पाउंड म्हणजे साडेचार किलोचा जोर लावला, पाच-सहा वर्षांच्या ७० टक्के मुलांनी, सात-आठ वर्षांच्या ९० टक्के मुलांनी. आणि आजच्या बऱ्याच पिस्तुलांचा ट्रिगर साधारण साडेपाच पाउंडाला सुटतो, म्हणजे जवळपास निम्म्या जोरात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक मोठ्या माणसासारखी एका हातात गन धरून एका बोटाने ट्रिगर ओढणारं मूल आहे. मूल तसं धरतच नाही ना. मुठीला मागून चार-चार बोटांचा विळखा घालतं आणि दोन्ही अंगठे ट्रिगरवर ठेवून ढकलतं, कारण त्याची सगळी ताकद अंगठ्यात असते, आणि अशा वेळी नळीचं तोंड कुठे असतं हे एखादं खेळण्यातलं पिस्तूल हातात घेऊन स्वतः करून बघा. स्वतःच्या तोंडाकडे असतं. आणि ग्लॉकसारख्या पिस्तुलाला बाहेरून बंद करायचा वेगळा खटका नसतोच, सेफ्टी ट्रिगरमध्येच बसवलेली, म्हणजे ट्रिगर दाबला की ती सुटलीच. ती गन हातातून पडली तर गोळी सुटू नये म्हणून आहे, पोरासाठी नाही. हो, आणि मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढलं म्हणजे गन रिकामी झाली असंही नाही, चेंबरमध्ये म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला एक गोळी तशीच राहू शकते आणि पुष्कळ पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ती झाडतात.

आता दुसरा मुद्दा, हा मला सगळ्यात घातक वाटतो कारण हा वाचायला शहाणपणाचा वाटतो. लपवून ठेवा, शिकवा, बास. कोणता पालक म्हणेल की मी शिकवणार नाही? २००१ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांना, दोन-तीन जणांच्या गटात, एका खोलीत सोडलं, एकतर्फी काचेतून बघत. ड्रॉवरमध्ये खरं .३८० पिस्तूल, अर्थात रिकामं, आणि ट्रिगर पुरेशा जोराने दाबला तर कळावं म्हणून आत रेडिओ ट्रान्समीटर. ६४ पैकी ४८ जणांना ते सापडलं. त्यातल्या ३० जणांनी हातात घेतलं, १६ जणांनी ट्रिगर दाबला. आता ऐका, हातात घेणाऱ्या किंवा ट्रिगर दाबणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना गनच्या सुरक्षेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. ज्यांना सापडलं त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ते खरं आहे की खेळण्यातलं हेच नीट कळलं नव्हतं. म्हणजे "खऱ्या गनला हात लावायचा नाही" हे पाठ असूनही उपयोग काय, समोरची खरी आहे हे कळायला तर हवं.

आणि "मुलांना ठाऊकच नसतं कुठे ठेवलीये" हे तर दरेक आईबापाला वाटतं. २००६ च्या एका अभ्यासात पालकांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं. "आमच्या मुलाला जागा माहीत नाही" म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी सांगितलं की आम्हाला माहीत आहे. "आमच्या मुलाने कधी हात लावलेला नाही" म्हणणाऱ्या २२ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. दिवाळीचा फराळ आईने कुठे दडवलाय हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं सांगा. उंच कपाट म्हणजे फक्त एका स्टुलाचा प्रश्न.

लॉकने फरक पडतो का, हा खरा प्रश्न, आणि त्याला जे उत्तर मी ताईला पाठवलं ते २००५ च्या जामा या वैद्यकीय नियतकालिकातलं आहे, ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांचं. वॉशिंग्टन, ओरेगन, मिसुरी या राज्यांतल्या काऊंटी आणि काही ट्रॉमा सेंटर घेऊन त्यांनी तुलना केली, एकीकडे ज्या गनने २० वर्षांखालच्या कोणी स्वतःला गोळी मारून घेतली किंवा चुकून गोळी लागली ती घरं, दुसरीकडे तशीच मुलं आणि गन असलेली पण असं काही न घडलेली घरं. गन कुलपात असण्याचा ऑड्स रेशो (१ म्हणजे काही फरक नाही, जितका कमी तितका बचाव जास्त) ०.२७ आला, रिकामी ठेवण्याचा ०.३०, गोळ्या कुलपात ०.३९, गोळ्या वेगळ्या ठेवण्याचा ०.४५. सोप्या भाषेत, गोळी सुटलेल्या घरांमध्ये गन कुलपात असणं फार कमी आढळलं. कोणी म्हणेल सावध माणसंच कुलूप लावतात आणि ती तशीही सावधच असतात, बरोबर, असा अभ्यास ते पूर्ण वेगळं काढू शकत नाही. पण फॉरवर्डवाल्याकडे उलट बाजूने काय आहे? एक इमोजी आहे, ढालीचा.

इथे एक मान्य करतो, आणि हे बॉक्स विकणारेसुद्धा सांगत नाहीत. त्या अभ्यासात कुलूप आणि रिकामी गन या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा फायदा आहे. क्विक-रिलीज बॉक्समध्ये लोक भरलेली गन ठेवतात, म्हणजे गन रिकामी आणि गोळ्या वेगळ्या ठेवण्याचा फायदा पदरात पडत नाही. उशीखालच्या गनपेक्षा लाखपट बरं, पण सगळं मिळालं असं समजू नये.

पहिला मुद्दा, वेळ. यात अर्धं खरं आहे, चडफडत का होईना म्हणावं लागतं. किल्लीचं ट्रिगर लॉक रात्री उघडणं हा ताप आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात हेलर खटल्याच्या (वॉशिंग्टन शहराच्या गनच्या नियमांविरुद्धचा खटला) सुनावणीत वॉशिंग्टन शहराचे वकील म्हणाले की मला ट्रिगर लॉक काढायला तीन सेकंद लागली, तेही दिवसाउजेडी, तर न्यायपीठावरून विचारणा झाली की म्हणजे आधी दिवा लावायचा, मग वाचायचा चष्मा शोधायचा, आणि कोर्टात हशा पिकला. टोमणा रास्त होता. शिवाय ट्रिगर लॉक भरलेल्या गनवर लावायचंच नसतं, दोन अर्धे ट्रिगरगार्डवर दोन्ही बाजूंनी आवळताना मधला दांडा ट्रिगरला लागला तर काय होईल ते कळतंच. केबल लॉक तर उघड्या चेंबरमधून किंवा मॅगझिनच्या खाचेतून जातं, म्हणजे गन रिकामीच हवी. ही दोन्ही साठवणुकीची कुलपं आहेत, घाईची नाहीत. त्यांच्याकडे बोट दाखवून "बघा किती वेळ लागतो" म्हणणं आणि त्यावरून क्विक-रिलीज बॉक्सला नापास करणं, हे काय लॉजिक आहे?

क्विक-रिलीज बॉक्सचं डिझाइनच या तक्रारीतून आलंय. बोटांच्या जागी खाचा किंवा उठावाची बटणं, म्हणजे डोळे मिटून हात ठेवला की प्रत्येक बोट आपल्या बटणावर. सिम्प्लेक्स नावाचं पाच बटणांचं यांत्रिक लॉक आहे, बॅटरी नाही, काही नाही, एक बटण एकदाच वापरायचं पण दोन-तीन एकत्र दाबता येतात, अशा १,०८२ जुळण्या होतात. (हे फार नाहीत, चिकाटीचा मोठा मुलगा लांब सुट्टीत बसून करेल, म्हणून ते चार वर्षांच्यासाठी छान आणि चौदाच्यासाठी कमी.) इलेक्ट्रॉनिक कीपॅडमध्ये काही चुकांनंतर लॉक स्वतःला थोडा वेळ बंद करून घेतं, तिथे ही अडचण नाही. झाकण स्प्रिंगने उडून उघडतं आणि मूठ हाताकडे येईल अशी गन आत बसते. सराव असला की काही सेकंदांचं काम. हे सेकंद चोरापेक्षा महाग वाटत असतील तर मग प्रश्न लॉकचा नाही, घराच्या दाराचा आहे, ते आधी मजबूत करा.

चौथा मुद्दा, सगळी लॉक कोणीही उघडतं. "सगळी" खोटं, "पुष्कळ" खरं, आणि मी धंद्यातला माणूस म्हणून लाज वाटून सांगतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मागे ३२ गन लॉक तपासली तर ३० किल्लीशिवाय उघडली, आणि २००१ मध्ये फुकट वाटलेली जवळपास चार लाख लॉक परत मागवावी लागली. स्वस्त बॉक्सचं दुखणं वेगळं: आत एक सोलेनॉइड असतो, त्याचा बारीक लोखंडी दांडा कमकुवत स्प्रिंगने जागेवर धरलेला, पेटीला झटका बसला की दांडा स्वतःच्याच वजनाने हलतो आणि बोल्ट मोकळा. ही चूक नवशिक्या डिझायनरचीसुद्धा नसावी, मोटरने फिरणारा कॅम लावला किंवा दांड्याला तोल दिला की संपलं, पण तेवढे पैसे वाचवायचे असतात.

आणि बोटाच्या ठशाची लॉक. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एका कंपनीचे सुमारे ६१,००० बायोमेट्रिक गन सेफ परत मागवले गेले, त्या रिकॉलमध्ये १२ वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूबद्दलच्या खटल्याचा उल्लेख आहे. दोष कसला होता बघा: कारखान्यातून आलेली पेटी ठसा नोंदवेपर्यंत कोणाच्याही बोटाने उघडते. मालक बोट लावतो, उघडते, त्याला वाटतं नोंदणी झाली. झालेली नसते. पेटी आपल्यासाठी उघडते हे सगळे तपासतात, दुसऱ्यासाठी उघडत नाही ना हे कोणी तपासत नाही. मी ताईला एवढंच सांगितलं की सेटिंग झाल्यावर तू भाऊजींची बोटं नोंदवलीस तर स्वतःचं न नोंदवलेलं बोट लावून बघ, उघडली तर दुकानात परत. आणि पेटी उचलून नेता येऊ नये म्हणून बोल्टने किंवा केबलने एखाद्या जड वस्तूला बांध, कोड वाढदिवसाचा ठेवू नकोस, बॅकअपची किल्ली त्याच ड्रॉवरमध्ये टाकू नकोस. आणि हो, फॉरवर्डमधला तो चुंबकाचा व्हिडिओ लॉकचा नाहीच, २०१७ मध्ये एका हॅकरने १५ डॉलरच्या चुंबकांनी उघडून दाखवली ती आर्माटिक्स नावाची स्मार्ट गन (मालकाच्याच हातात चालावी अशी इलेक्ट्रॉनिक गन) होती, तो वेगळाच प्रकार.

पाचवा मुद्दा दोन ओळींत. हेलर निकालाने वॉशिंग्टन शहराचा नियम रद्द केला, जो घरातली गन कायम सुटी करून किंवा ट्रिगर लॉकमध्येच ठेवायला सांगत होता. त्याच निकालपत्रात लिहिलंय की अपघात टाळण्यासाठी गन साठवण्याचे नियम करणारे कायदे यामुळे अवैध ठरत नाहीत. २००५ पासून तर परवानाधारक विक्रेत्याने हँडगनबरोबर लॉक किंवा तसं सुरक्षेचं साधन द्यायचं असा केंद्राचाच कायदा आहे, म्हणजे भाऊजींच्या डब्यात ते आलेलंच असणार, बघा शोधून.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये नाही आणि लॉकच्या जाहिरातीतही नसते. २०२१ मध्ये अमेरिकेत गनने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. ह्यूस्टनच्या एका अभ्यासात आत्महत्येच्या प्रयत्नातून थोडक्यात वाचलेल्या १३ ते ३४ वयाच्या लोकांना विचारलं तर जवळपास चौथ्या हिश्शाने सांगितलं की निर्णय आणि प्रयत्न यांच्यात पाच मिनिटंही गेली नव्हती. तिथे मुलाच्या आड कुलूप येतं, पण ज्याचं बोट नोंदवलेलं आहे त्याच्या आड क्विक-रिलीज लॉक येत नाही, ते त्याच्यासाठीच पटकन उघडायला बनवलंय. घरात कोणाचं मन ठीक नसेल तर बॉक्स बदलून भागत नाही, कोड दुसऱ्याकडे द्यायचा आणि ते बरे होईपर्यंत गन कायदेशीर मार्गाने घराबाहेर ठेवायची.