लिलावाच्या दिवशी घर सोडवता येते, असे सांगणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

गृहकर्जाचे हप्ते थकलेल्या कुटुंबांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : तीन हप्ते चुकले की घर गेलेच समजा, बँकेची नोटीस घेऊ नका, म्हणजे मुदत सुरू होत नाही, चावी परत दिली की कर्ज संपते, आणि लिलावाच्या दिवसापर्यंत केव्हाही पैसे भरून घर सोडवता येते. हे चारही सल्ले चुकीचे आहेत आणि शेवटचा तर घातक आहे.

पहिल्या विधानात अर्धेच सत्य आहे. थकबाकी ९० दिवसांहून अधिक राहिली की खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या धोक्यातील कर्ज) ठरते, पण अनुत्पादित ठरणे म्हणजे जप्ती नव्हे. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) नुसार बँकेने आधी मागणीची नोटीस द्यायची असते आणि कर्जदाराला ६० दिवसांची मुदत द्यायची असते. देय रक्कम मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. तरीही सर्वांत मोलाचे दिवस त्या ९० दिवसांच्या आतले असतात, कारण मुदतवाढीची किंवा हप्ता कमी करण्याची लेखी विनंती तेव्हा केलेली बरी. खाते एकदा अनुत्पादित झाले की व्याज व मुद्दलाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते नियमित होत नाही.

नोटीस नाकारण्याचा सल्ला तर कर्जदाराच्याच मुळावर येतो. कर्जदार टाळाटाळ करतो असे दिसल्यास ती घराच्या दारावर चिकटवून आणि दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, प्रसिद्ध करून बजावता येते. उलट नोटीस घेऊन लेखी हरकत नोंदवली, तर ती मान्य नसल्यास बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. हिशेबातील चुका दाखवण्याची ही हक्काची संधी आहे.

चावी दिल्याने कर्ज संपत नाही. विक्रीतून येणे फिटले नाही, तर उरलेली रक्कम बँक कर्जदाराकडून वसूल करू शकते. जास्त रक्कम आली, तर ती मात्र हक्कदाराला परत मिळते.

आता शेवटचे विधान. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) नुसार संपूर्ण येणे खर्चासह भरून तारण सोडवण्याची संधी लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीच असते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात हेच ठामपणे सांगितले. त्यात लिलावात सुमारे १०५ कोटींची बोली स्वीकारली गेली होती आणि कर्जदाराने त्यानंतर १२९ कोटी देऊ केले होते. बँकेला अधिक रक्कम मिळत असूनही न्यायालयाने मालमत्ता लिलावातील खरेदीदाराचीच मानली. ते प्रकरण व्यवसायाचे होते, पण तेच कलम राहत्या घरालाही लागू आहे. लिलावाच्या तारखेकडे डोळे लावून पैसे जमवणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच जाहिरातीची तारीख आधी पाहावी.

पूर्ण रक्कम उभी राहणार नसेल, तर ही जाहिरात येण्याआधीच बँकेची लेखी संमती घेऊन घर स्वतः विकणे हा मला सर्वांत सन्मानाचा मार्ग वाटतो. नोटीशीनंतर अशी संमती कायद्याने आवश्यकच आहे, मात्र ग्राहक व किंमत कर्जदार स्वतः शोधू शकतो. एकरकमी तडजोड मागता येते, पण ती हक्काने मिळत नाही. कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे कलम १७ खाली ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत अर्ज करता येतो. केवळ अर्ज दाखल झाल्याने लिलाव थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा आदेश वेगळा मागावा लागतो.