निशिझाकाच्या टेकडीवरचा वसईकर

घरच्या ग्रुपवर धर्मांतराचा विषय निघाला की मामा लिहितात, "जपानने बघ, मिशनऱ्यांना वेळीच हाकललं. आपणही तेच करायला हवं होतं." मी बारा वर्षं फुकुओकात राहतोय, त्यामुळे उत्तर द्यायचं ते मीच.

मामा, नागासाकी इथून ट्रेनने दीड तासावर आहे. निशिझाकाच्या टेकडीवर ब्रॉन्झच्या 26 मूर्ती एका ओळीत आहेत. पावलं खाली लोंबणारी, जमिनीला न टेकलेली. त्यातला एक आपल्या वसईचा, गोन्सालो गार्सिया. त्याच्या नावाचं कॉलेज मी लहानपणापासून बघत आलो, पण तो कुठे आणि कसा मेला हे इथे आल्यावर कळलं. 5 फेब्रुवारी 1597 ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने त्या सगळ्या ख्रिस्तींना क्रुसावर चढवलं. 26 पैकी 20 जपानी होते, सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा.

तुमचं म्हणणं सगळंच खोटं नाही. ओमुरा सुमितादा या सरदाराने बाप्तिस्मा घेतला, प्रजेलाही घ्यायला लावला, देवळं पाडू दिली आणि 1580 मध्ये नागासाकी बंदर जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक मिशनरी संघाच्या, हवाली केलं. पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसं गुलाम म्हणून विकत घेत, त्यातली काही गोव्यात विकली गेली. हिदेयोशी याच गोष्टीवर चिडला होता, आणि रास्त चिडला होता.

पण जेझुइट मिशनरी फ्रान्सिस झेवियरकडेच बघा. 1546 मध्ये याच माणसाने गोव्यासाठी पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मागितलं. 1549 मध्ये कागोशिमाला उतरला तेव्हा त्याच्यामागे ना फौज होती ना किल्ला. बौद्ध भिक्षूंशी वाद घालत बसावं लागलं. आधी देवाला 'दाइनिची' म्हणाला. ते वैरोचन बुद्धाचं नाव आहे हे समजल्यावर शब्द बदलून 'देउसु' (लॅटिन 'देउस', म्हणजे देव) केला. माणूस तोच, पाठीशी सत्ता नव्हती इतकाच फरक. माझं भांडण त्या सत्तेशी आहे, मग ती सुमितादाची असो की त्याच्या विरोधकांची.

कारण 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यावर शोगुनांनी, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, काय केलं? येशू-मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून लोकांना तिच्यावर पाय द्यायला लावला. घरटी बौद्ध देवळाचा दाखला सक्तीचा केला: हे कुटुंब ख्रिस्ती नाही. पाय पडून पडून चेहरा गुळगुळीत झालेल्या त्या प्रतिमा आजही जपून ठेवल्या आहेत. आपल्याकडे काही राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. ते वाचलं की मला हा देवळाचा दाखला आठवतो, मामा. आमिष आणि जबरदस्तीला शिक्षा व्हावीच, पण माझ्या देवाची नोंद सरकारी कचेरीत कशाला?

आणि हाकलून झालं काय? 1865 मध्ये नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये जवळच्या उराकामी गावचे काही लोक आले. त्यातल्या एका बाईने तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिज्याँ यांना हळूच सांगितलं की आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे. दोनशेहून जास्त वर्षं धर्मगुरूशिवाय, बाप्तिस्मा आणि प्रार्थना घरातल्या घरात चालवून ते ख्रिस्ती राहिले होते. त्याचं बक्षीस म्हणून सरकारने उराकामीच्या तीन हजारांवर माणसांना हद्दपार केलं. 1873 मध्ये बंदीचे फलक उतरले, तेव्हा वाचले होते ते गावी परतले.